मुलकी, मतदार, नागरिक : हिंगोलीच्या दप्तरांत माणूस कसा तपासला गेला

धागा : राज्याचा रहिवासी कोण, हे कायदा ठरवतो. पण समोर उभा असलेला माणूस तोच आहे की नाही, हे तपासण्याचे काम नेहमी गाव आणि तालुक्याच्या दप्तराकडे येते. निजामी राजवटीपासून आजपर्यंतच्या या तपासणीचा हा इतिहास, हिंगोली परिसराच्या अंगाने.

१. १९३० च्या सुमारास पैनगंगेच्या दक्षिण तीरावरचा शेतकरी आणि उत्तर तीरावरचा शेतकरी एकच भाषा बोलत होते. दोघांचेही पाय औंढ्या नागनाथाच्या यात्रेला आणि नर्सीच्या नामदेवाच्या वाटेला लागत होते. दोघांत सोयरिकीही होत असत. पण दक्षिणेकडचा माणूस निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहत होता, तर उत्तरेकडचा इंग्रजी अमलाखालच्या वऱ्हाडात. सरकारी नोकरीचा प्रश्न आला की या दोघांतले अंतर नदीच्या पात्रापेक्षा कितीतरी मोठे होई.

२. आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. निजामी काळात हा मुलूख परभणी जिल्ह्यात मोडत असे. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंट या इंग्रजी अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेची छावणी होती. त्यामुळे शिपाई, व्यापारी, कारागीर अशी दूरदूरची माणसे या गावात येऊन राहत. ‘इथला कोण आणि बाहेरचा कोण’ हा प्रश्न अशा गावाला नवा नव्हता.

३. या प्रश्नाला हैदराबाद संस्थानात एक ठरलेला शब्द होता : मुलकी. पश्चिम महाराष्ट्रात ‘मुलकी’ म्हटले की महसूल खाते किंवा मुलकी पाटील आठवतो. हैदराबादेत त्याचा अर्थ निराळा होता. मुलकी म्हणजे मुलखातला, या राज्याचा. जो तसा नाही, तो गैरमुलकी. आजच्या नागरिकत्वाशी हा शब्द तंतोतंत जुळत नाही. पण त्या काळच्या तरुणाच्या आयुष्यात त्याचे वजन जवळजवळ तेवढेच होते.

४. शब्दाला एवढी धार का आली? पहिले सालारजंग १८५३ ते १८८३ या काळात संस्थानाचे दिवाण होते. त्यांनी कारभाराची घडी नव्याने बसवली आणि त्यासाठी उत्तर हिंदुस्थानातून व इतर इंग्रजी प्रांतांतून शिकलेली माणसे आणली. पुढे १८८० च्या दशकात कारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली. वरच्या जागांवर बाहेरची माणसे बसू लागली, तशी स्थानिक घराण्यांत कुरकुर सुरू झाली. हा वाद हिंदू-मुसलमानांचा नव्हता. त्यात दोन्ही बाजूंना दोन्ही धर्मांची माणसे होती.

५. १९१९ साली सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने हा भेद नोकरीच्या नियमांत पक्का बसला. संस्थानातील सरकारी जागा मुलकींसाठी, हे त्याचे सूत्र. मुलकी ठरण्याचे चार मार्ग होते. जन्माने हैदराबादची प्रजा असणे हा पहिला. वास्तव्याने तो हक्क मिळवणे हा दुसरा. जन्माच्या वेळी वडील संस्थानच्या सेवेत असणे आणि त्यांची पंधरा वर्षांची नोकरी झालेली असणे हा तिसरा. मुलकी पुरुषाची पत्नी असणे हा चौथा.

६. यांतला वास्तव्याचा मार्ग विशेष पाहण्यासारखा आहे. संस्थानात किमान १५ वर्षे कायम वास्तव्य हवे. शिवाय आपल्या मूळ ठिकाणी परतण्याचा विचार सोडून दिला आहे, असे ठरावीक नमुन्यातील प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटपुढे करून द्यावे लागे. वर्षे मोजता येतात. पण परतीचा विचार मनातून गेला की नाही, हे कोण मोजणार? नियमाने त्याचे उत्तर शपथ आणि शिक्का यांत शोधले. माणसाच्या मनातली गोष्ट कागदावर आणण्याचा हा प्रयत्न पुढच्या शंभर वर्षांत पुन्हा पुन्हा दिसतो.

७. शपथ घेतली तरी पंधरा वर्षांचा पुरावा कुठून येणार? गावाकडच्या माणसाच्या हाताशी होती ती गावचीच दप्तरे. जमीन कोणाच्या नावे, सारा कोणी भरला, पीक कोणाचे, हे सारे पटवाऱ्याच्या बस्त्यात असे. गावात माली पाटील आणि पोलीस पाटील, तालुक्याला तहसीलदार, जिल्ह्याला अव्वल तालुकदार म्हणजे आजच्या भाषेत जिल्हाधिकारी, अशी ती उतरंड होती. पाटील-पटवाऱ्यांची पदे बहुधा वतनी. बापाकडून मुलाकडे दप्तर जाई, आणि दप्तराबरोबर गावातल्या प्रत्येक घराची माहितीही.

८. या व्यवस्थेचे बळ आणि तिचा धोका एकाच ठिकाणी होता. वतनदार पटवारी अर्जदाराला, त्याच्या बापाला, आज्याला ओळखत असे. खोटा दावा त्याच्यापुढे टिकणे अवघड. पण ज्याच्या नावे जमीन नाही, त्याची नोंद दप्तरात फारशी येत नसे. भूमिहीन मजूर, भटक्या जमातींची कुटुंबे, सालगडी हे गावात पिढ्यान्‌पिढ्या राबत असूनही कागदावर पुसट राहत. ज्याच्याकडे वतन त्याच्याकडे कागद, आणि ज्याच्याकडे कागद त्याच्याकडे दुसऱ्याचे आपलेपण ठरवण्याची किल्ली.

९. ऑगस्ट १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, पण हैदराबाद भारतात सामील झाले नाही. पुढचे तेरा महिने पैनगंगेच्या काठाने विलक्षण हालचालींचे होते. रझाकारांच्या दहशतीमुळे अनेक कुटुंबे सीमा ओलांडून वऱ्हाडात गेली. स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सीमेलगत सशस्त्र प्रतिकाराची केंद्रे उभारली. उमरखेडचे केंद्र त्यांपैकीच एक. गाव सोडून गेलेला माणूस ‘कायम वास्तव्य’ करणारा म्हणायचा की नाही, असला प्रश्न विचारण्याची ती वेळ नव्हती. पण वेळ निवळली की असे प्रश्न येतातच.

१०. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा आजही हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. त्यानंतरच्या आठवड्यांत आणखी एक काळी बाजू घडली. अनेक ठिकाणी मुसलमान वस्त्यांवर सूडाचे हल्ले झाले. त्याची पाहणी करण्यास आलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळलेले सांगितले. नांदेड म्हणजे हिंगोलीचा शेजार. एकदा सीमेपार गेलेली माणसे परतत होती, आणि दुसरीच माणसे घर सोडून शहराकडे निघाली होती.

११. या उलथापालथीत एका समाजापुढे ‘तू कुठला?’ हा प्रश्न सर्वांत कठोरपणे आला : अरब. मराठवाड्यात त्यांना चाऊस म्हणून ओळखतात. यांचे पूर्वज अरबस्तानाच्या दक्षिण टोकाच्या हद्रमौत प्रांतातून निजामाच्या फौजेत आले. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या जमादारांचा हैदराबादेत मोठा दरारा होता. मुकल्ल्याच्या कुऐती सुलतानांच्या घराण्याचा मूळपुरुषही हैदराबादेत जमादार होता. सामान्य चाऊस मात्र शिपाई, पहारेकरी. गावोगाव राहिले, इथल्याच बायका केल्या, मुले दख्खनी आणि मराठी बोलू लागली.

१२. संस्थान पडल्यावर नव्या लष्करी राजवटीने या बेकवायती फौजा मोडल्या. अनेक अरबांना स्थानबद्ध केले गेले आणि परदेशी म्हणून परत पाठवण्याचा विचार सुरू झाला. पण पाठवणार कुठे? हद्रमौत ब्रिटिश संरक्षणाखाली होते आणि त्याच सुमारास तिथे भीषण दुष्काळ पडला होता. शिवाय पाठवायचे कोणाला? ज्याचा आजा जहाजातून उतरला पण जो स्वतः मराठवाड्यात जन्मला, तो परदेशी कसा? काही माणसे गेली, बरीच राहिली. आडनावावरून आणि चेहऱ्यावरून परका ठरवणे सोपे होते. जन्म आणि वास्तव्य तपासायला मात्र पुन्हा स्थानिक साक्ष आणि दप्तरच लागत होते.

१३. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले. नागरिकत्वाचे अनुच्छेद ५ ते ९ मात्र त्याआधी दोन महिने, २६ नोव्हेंबर १९४९ पासूनच लागू झाले होते. अनुच्छेद ५ ने सांगितले : ज्याचे अधिवास भारतात आहे आणि ज्याचा जन्म भारताच्या भूमीत झाला, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी एकाचा झाला, किंवा जो आधीची किमान पाच वर्षे इथे सामान्यतः राहत होता, तो नागरिक. धर्म नाही, वंश नाही, घराणे नाही. मुलकी नियमाची पंधरा वर्षे इथे पाच झाली. ‘वडील’ या शब्दाच्या जागी ‘आईवडिलांपैकी कोणीही’ आले. हिंगोलीत जन्मून तिथेच वस्ती केलेला चाऊस आणि तिथलाच कुणबी या व्याख्येत एकाच ओळीत बसले.

१४. फाळणीमुळे आलेल्यांसाठी अनुच्छेद ६ होता. १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून आलेल्याला, आईवडील वा आजीआजोबांपैकी कोणी अविभक्त भारतात जन्मलेले असल्यास, वास्तव्यावर नागरिकत्व मिळाले. त्यानंतर आलेल्याला मात्र अर्ज करावा लागे. अर्जापूर्वी सहा महिने इथे राहिलेले असणे आवश्यक होते, आणि सरकारने नेमलेला अधिकारी त्याची नोंदणी करी. स्वतंत्र भारतातील ‘नागरिकत्वाचा अर्ज’ आणि ‘अर्जाची तपासणी’ यांची सुरुवात इथे आहे. दिल्लीत लिहिलेल्या या अटी तपासायच्या होत्या जिल्ह्यांत.

१५. त्याच सुमारास आणखी एक अवाढव्य तपासणी देशभर सुरू होती. प्रौढ मताधिकारावर आधारलेल्या मतदारयाद्यांची तयारी संविधान पूर्ण होण्याआधीच, १९४८ पासून सुरू झाली. संविधान सभेच्या सचिवालयाने प्रांतांना आणि संस्थानांना सूचना धाडल्या. यादी करायची गावागावांत, घरोघर जाऊन, आणि करणार गावकामगार व स्थानिक कर्मचारी. निर्वासितांकडे वास्तव्याचा पुरावा कुठून असणार? म्हणून ‘इथेच कायम राहण्याचा इरादा आहे’ या त्यांच्या जाहीर कथनावर नाव घेण्याची मुभा दिली गेली. मुलकी प्रतिज्ञापत्रातला तोच इरादा इथे पुन्हा आला. या वेळी मात्र त्याचा उपयोग दार उघडण्यासाठी झाला.

१६. दार सर्वांना सारखे उघडले नाही. उत्तर आणि मध्य भारतात असंख्य स्त्रियांनी परक्या कर्मचाऱ्याला स्वतःचे नाव सांगितले नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशीच नोंद झाली. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नावे मान्य केली नाहीत, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या यादीतून वगळली गेली. मुलकी नियमातली स्त्री ‘मुलकीची पत्नी’ म्हणून आत येई. नव्या राज्याला तिची ओळख तिच्या स्वतःच्या नावाने हवी होती. तत्त्व योग्य होते, पण पहिल्या फेरीत त्याची किंमत त्या स्त्रियांनीच मोजली.

१७. १९५१ ची जनगणना झाली तेव्हा तिच्याबरोबर गावनिहाय एक वही तयार करण्यात आली : ‘नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर’. आज हे नाव काढले की आसाम आठवतो. पण तेव्हाचे रजिस्टर देशभराचे होते आणि मराठवाड्यातही झाले. घरातील माणसांची नावे, वय, नाते, व्यवसाय अशा जनगणनेतल्या नोंदी त्यात उतरवल्या गेल्या. नाव भारदस्त असले तरी त्यात कोणाचे नागरिकत्व तपासले गेले नाही. गावात जो राहतो, तो वहीत आला. मग ती वही कार्यालयांच्या रेकॉर्डरूममध्ये पडून राहिली. या वहीची गोष्ट इथे संपत नाही. पुढे ती पुन्हा येईल.

१८. सगळे भारताचे नागरिक झाले, तरी मुलकी नियम मेले नव्हते. लष्करी राजवटीनंतरच्या काळात मद्रास, मुंबई आदी प्रांतांतून अधिकारी, शिक्षक, कारकून हैदराबादेत आणले गेले. सत्तर वर्षांपूर्वीचीच तक्रार पुन्हा उठली. ‘गैरमुलकी परत जा’ अशा घोषणा देत विद्यार्थी रस्त्यावर आले आणि सप्टेंबर १९५२ मध्ये हैदराबाद शहरात गोळीबार होऊन माणसे दगावली. आंदोलकांच्या तक्रारींत एक मुद्दा ठळक होता : बनावट मुलकी प्रमाणपत्रे. पंधरा वर्षांचे वास्तव्य नसलेल्यांना स्थानिक कचेऱ्यांतून दाखले मिळत आहेत, असा तो आरोप. तपासणी ढिली झाली, की ज्याच्या रक्षणासाठी नियम केला तोच माणूस उघड्यावर पडतो, हे त्या वर्षी दिसले.

१९. मराठवाड्यात मुलकीचा शेवट शांतपणे झाला. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने मराठवाड्याला शासकीय सेवांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे आश्वासन दिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. संसदेने १९५७ मध्ये नोकरीतील वास्तव्याच्या अटी रद्द करणारा कायदा केला. तो २१ मार्च १९५९ पासून अमलात आला. तेलंगणासह काही भागांना त्यात सवलत होती, मराठवाड्याला नव्हती. एकाच संस्थानातून निघालेल्या दोन भावंडांच्या वाटा इथे फुटल्या.

२०. तेलंगणात तो शब्द पेटता राहिला. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तिथली सवलत घटनाबाह्य ठरवली. संसदेने राज्याअंतर्गत एखाद्या भागासाठी अशी अट घालणे अनुच्छेद १६(३) मध्ये बसत नाही, असे न्यायालय म्हणाले. ३ ऑक्टोबर १९७२ रोजी त्याच न्यायालयाने जुने मुलकी नियम अद्याप जिवंत असल्याचा निर्णय दिला आणि आंध्र भागात प्रचंड आंदोलन उसळले. अखेर १९७३ च्या बत्तिसाव्या घटनादुरुस्तीने नवी व्यवस्था आणली आणि मुलकी नियम इतिहासजमा झाले. निजामाचे एक फर्मान त्याच्या संस्थानापेक्षा पाव शतक जास्त जगले.

२१. इकडे १९५५ चा नागरिकत्व कायदा आणि १९५६ चे नियम आले. भारतीय वंशाच्या व्यक्तीला नोंदणीने नागरिक होण्यासाठी मूळ कायद्यात सहा महिन्यांचे वास्तव्य पुरे होते. १९८६ मध्ये ते पाच वर्षे झाले आणि २००३ च्या दुरुस्तीने सात. अर्ज घेणारा अधिकारी जिल्हाधिकारी. २००९ च्या नियमांनुसार त्याने अर्ज ६० दिवसांत आपल्या अहवालासह राज्य सरकारकडे पाठवायचा, तिथून तो केंद्राकडे जायचा. डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने शेजारी देशांतील ठरावीक अल्पसंख्याकांसाठी अंतिम अधिकारही काही जिल्ह्यांना दिले गेले. महाराष्ट्रात नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे हे ते जिल्हे. हिंगोली त्यात नव्हते.

२२. देशीकरणाने नागरिक होऊ इच्छिणाऱ्याच्या अर्जात एक जुनी खूण सापडते. त्याच्या चारित्र्याबद्दल दोन भारतीय नागरिकांची प्रतिज्ञापत्रे लागतात. आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञानही लागते. म्हणजे मराठी येत असेल तर ती अट भागते. चौकशीत पत्ता, वास्तव्य, वागणूक तपासली जाते. हे सारे पाहिले की पटवाऱ्याच्या ओट्यावर ‘हा अमक्याचा, आमच्याच गावचा’ असे सांगणाऱ्या शेजाऱ्याची आठवण होते. राज्य बदलले, नमुने बदलले, शेजाऱ्याची साक्ष राहिली.

२३. स्थानिक पंचायतीच्या कागदाचे मोल किती, हा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर आसामात विचारला गेला. तिथल्या नागरिक नोंदवहीसाठी सुमारे ४८ लाख दाव्यांत ग्रामपंचायत सचिवाचा दाखला जोडलेला होता. यांत बहुसंख्य विवाहित स्त्रिया. सासरी राहणाऱ्या बाईचा माहेरच्या बापाशी असलेला संबंध दाखवायला तिच्याकडे शाळेचा वा जन्माचा दाखला नसे. गुवाहाटी उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये तो दाखला अग्राह्य ठरवला. ५ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला : हा दाखला नागरिकत्वाचा पुरावा नाही, पण दोन पिढ्यांना जोडणारा आधार म्हणून चालेल, मात्र त्याची सत्यता पडताळून घ्यावी लागेल.

२४. ११ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारने २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम जाहीर केले. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन अर्जदारांसाठी हे नियम. मुसलमानांना वगळल्यामुळे या कायद्यावर देशभर तीव्र वाद झाला आणि त्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अनुच्छेद ५ च्या धर्मनिरपेक्ष ओळीशी तो ताडून पाहण्यासारखा आहे. या नियमांत जिल्हा समिती कागद तपासते आणि निष्ठेची शपथ देते. त्या तारखेपूर्वी भारतात आल्याचा एक ग्राह्य पुरावा असा : ग्रामीण वा शहरी स्थानिक संस्थेच्या निवडून आलेल्या सदस्याचा, तिच्या अधिकाऱ्याचा किंवा महसूल अधिकाऱ्याचा दाखला. वतनी पटवाऱ्याच्या शेजारी आता नगरसेवक आणि ग्रामपंचायत सदस्य येऊन बसले.

२५. आता १९५१ च्या त्या वहीकडे. २०२३ पासून मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात तपासायच्या अभिलेखांत खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही यांच्याबरोबर ‘नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर सन १९५१’ हेही नाव होते. ज्या वहीने नागरिकत्व कधी ठरवले नाही, ती सत्तर वर्षांनी जातीच्या नोंदीसाठी उघडली गेली. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या जाणकारांना अचानक मागणी आली. फसली सन असलेले कागद पुन्हा उजेडात आले. हैदराबाद संस्थानच्या फसली वर्षात साधारण ५९० मिळवले की इसवी सन मिळते, ही जुनी युक्ती पुन्हा उपयोगी पडली.

२६. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने गावपातळीवर तीन जणांची समिती सांगितली : ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी. जमिनीचा पुरावा नसलेल्या अर्जदाराने १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी आपले पूर्वज त्या भागात राहत होते, असे प्रतिज्ञापत्र द्यायचे आणि समितीने स्थानिक चौकशी करून सक्षम अधिकाऱ्याला साहाय्य करायचे. हा विषय जातप्रमाणपत्राचा, नागरिकत्वाचा नव्हे. त्याच्या योग्यायोग्यतेवर मराठा आणि इतर मागासवर्गीय समाजांत तीव्र मतभेद आहेत. पण पद्धत पाहिली तर १९१९ चाच आराखडा समोर येतो : वास्तव्याचा काळ, प्रतिज्ञापत्र आणि गावाची साक्ष.

२७. या शंभर वर्षांतून एक गोष्ट स्पष्ट होते. स्थानिक तपासणी टाळता येत नाही. दूरच्या राजधानीला माणूस दिसत नाही, फक्त अर्ज दिसतो. गावाला माणूस दिसतो. म्हणूनच बनावट मुलकी दाखला गावच्या साक्षीने पकडता येत होता, आणि सासरी आलेल्या बाईचे माहेर पंचायतीला सांगता येत होते. पण गावाला माणसाबरोबर त्याची जात, त्याचे आडनाव, जुने वैर आणि निवडणुकीतले मतही दिसते. साक्ष देणाऱ्याच्या हातात दुसऱ्याचे भवितव्य येते, तेव्हा त्याच्या साक्षीवरही तपासणी हवी, आणि नकार मिळालेल्याला दाद मागायला जागा हवी. मुलकी नियमांची कसोटी लागली ती इथे, आणि पुढच्या प्रत्येक नियमाचीही.

२८. इतिहासाची आवड असणाऱ्यांना या गोष्टीचे पुरावे फार दूर शोधावे लागत नाहीत. मराठवाड्यातल्या अनेक घरांत पत्र्याच्या पेटीच्या तळाशी उर्दूतली जमिनीची पावती, फसली सनाचा उतारा, पणजोबाच्या शाळेचा दाखला सापडतो. त्यावरचे नाव कोणत्या लिपीत आहे, वडिलांचे नाव आहे की आईचेही, गावाचे नाव कोणत्या तालुक्यात दाखवले आहे, हे नीट वाचावे. आणि पेटीत काहीच सापडले नाही, तर तेही लक्षात ठेवावे. पैनगंगेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या पुष्कळ घरांची पेटी रिकामीच आहे. तपासणीचा नियम करताना आधी त्यांचा विचार व्हायला हवा.

धागा समाप्त.